चकली मोडली की बोलायचं

आधीच सांगते, मास्तर ठीक आहेत. मंडईत, बँकेत, लग्नाच्या पंगतीत, जिथे जाईन तिथे लोक मला अडवून हेच विचारतात. त्यानंतरचा दुसरा प्रश्न ठरलेला. "अक्का, दिवाळीच्या कार्यक्रमात शेवटी तो विनोद केलात ना, तो कुणी लिहिला हो? हसून हसून पोट दुखलं!" मी नुसती मान हलवते आणि पुढे सरकते. भर रस्त्यात, हातात कोथिंबीर घेऊन, काय काय म्हणून सांगायचं? तो विनोद कुणीच लिहिलेला नव्हता. तेच एकदा नीट सांगून टाकावं म्हणून बसले आहे.

मी एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते आणि मास्तर त्याच शाळेत चित्रकला शिकवायचे. माझं माहेर मंद्रूपचं, घरात निम्मं कानडी. मास्तर सोलापुरातल्या विणकरांच्या घरातले, घरी तेलुगू. आम्ही भांडायचो मात्र मराठीत, कारण दोघांना येणारी तेवढी एकच भाषा होती. आणि भांडायचो रोज. मस्टरवर सही करायची हा माणूस हटकून विसरायचा, आणि मला ती रिकामी चौकट दिसली की माझं पित्त खवळायचं.

एका स्नेहसंमेलनात नावं पुकारायला माझ्या हातात माईक दिला होता. मास्तर मागच्या पडद्यावर डोंगर रंगवत होते, कार्यक्रम सुरू झाला तरी ते आपले रंगवतच होते. माईक चालू आहे हे मला माहीत नाही. मी म्हणाले, "मास्तर, चार दिवसांच्या सह्या राहिल्यात, आधी त्या करा. डोंगर काय, नंतर पण उगवेल." मास्तरांनी ब्रश खाली न ठेवता उत्तर दिलं, "अक्का, सही कुठं पळून जाते का? रंग वाळतोय की हितं!" सगळं मैदान हसायला लागलं. मला तर वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी आत जावं. पण समोर पालकांमध्ये आमच्या शहरातल्या एका छोट्या केबल चॅनलचे मालक बसले होते. दुसऱ्याच दिवशी ते शाळेत हजर. म्हणाले, "मॅडम, दिवाळीला आमच्या चॅनलवर असंच भांडाल का?"

अशी आमची टीव्हीवरची कारकीर्द सुरू झाली. सतरा-अठरा वर्षं आम्ही तो दिवाळीचा गप्पांचा कार्यक्रम केला. आमचा स्टुडिओ म्हणजे अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका कारखान्याच्या वरचा मजला. खाली यंत्रमाग धडधडत असायचे, म्हणून शूटिंग त्यांच्या साप्ताहिक सुट्टीच्याच दिवशी. आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना चादरी टांगलेल्या. दिवाळीला तीन आठवडे असायचे, बाहेर ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत असायचं, आणि आत आम्ही खिडक्या झाकून, आकाशकंदील लावून, पैठणी आणि जॅकीट घालून, "शुभ दीपावली, मंडळी!" असं घामाघूम होऊन म्हणत असू. सोफ्यावर पाहुणे म्हणून कधी पैलवान, कधी दातांचे डॉक्टर, कधी फौजदार बाई. आम्ही त्यांच्याशी गप्पा मारायच्या, आणि मध्येच त्यांना विसरून एकमेकांशी भांडायचं. लोकांना तेच हवं असायचं.

आम्ही कधी काही लिहून नेलं नाही. आमचा एकच नियम होता, चकलीचा. पहिल्याच वर्षी समोर बसलेल्या पाहुण्याला काय विचारायचं ते मास्तर साफ विसरले. घाबरून त्यांनी समोरच्या ताटलीतली चकली उचलली आणि कट्कन मोडली. मला वाटलं, ते मला बोल म्हणून खुणावतायत. मी आपलं सुरू केलं, "पाहुणे, आमच्या मास्तरांना खायला बसवलंय, बोलायला नाही, तुम्ही माझ्याकडे बघा." प्रसंग निभावला. तेव्हापासून ठरलंच. ज्याची गाडी अडेल त्यानं चकली मोडायची, आणि मोडल्याचा आवाज आला की दुसऱ्यानं तत्क्षणी बोलायचं. काय बोलू, कसं बोलू, असा विचार करत बसायचं नाही. चकल्या कायम मास्तरांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या. सगळ्या शहराआधी त्यांच्या घरी चकलीचा घाणा निघायचा, कारण चकली मऊ पडली तर आवाज यायचा नाही आणि आमचं दोघांचं हसं व्हायचं.

एकदा मुंबईच्या एका मोठ्या चॅनलनं आम्हाला त्यांच्या दिवाळीच्या विनोदी कार्यक्रमासाठी बोलावलं होतं. मी नवी साडी घेतली, नातेवाइकांना फोन केले. तिथे त्यांनी मला सांगितलं, जरा आणखी ओरडा, आणि मास्तरांना सांगितलं, मॅडम ओरडल्या की तुम्ही खुर्चीवरून खाली पडा. मास्तर दोनदा पडले. तिसऱ्यांदा पडा म्हटल्यावर उठले, पॅन्ट झटकली आणि शांतपणे म्हणाले, "नाही." चॅनलवाल्यांनी समजावलं, मी डोळे वटारले, पण मास्तरांचं एकच, "नाही म्हणजे नाही की. अक्का, घरी जाऊ या." परतीच्या वाटेवर मोडनिंबला चहा प्यायला उतरलो तरी मी त्यांच्याशी चकार शब्द बोलले नव्हते. मोठी होण्याची माझी संधी या माणसानं घालवली, असा राग मी वर्षभर धरला. मास्तरांचं 'नाही' असंच असायचं. हेडमास्तरांना नाही, साहेबांना नाही, नगरसेवकाच्या वाढदिवसाचा बोर्ड रंगवायला नाही. एकदा म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी ते फिरायचं नाही.

आणि अशा माणसाचं 'नाही'च गेलं.

यंदाच्या उन्हाळ्यात मास्तरांना झटका आला. संध्याकाळी कुंड्यांना पाणी घालत होते, हातातली झारी पडली आणि मागोमाग ते. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. मी दवाखान्यात धावले तेव्हा वहिनी बाहेरच्या बाकावर एकट्या बसल्या होत्या, हातात मास्तरांचा चष्मा होता. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. जीव वाचला. पंधरा दिवसांनी घरी आले आणि महिन्याभरात बोललेसुद्धा. काय बोलले? "हो हो."

तेवढंच. चहा घेणार? हो हो. पंखा लावू? हो हो. पंखा बंद करू? हो हो. पहिले दोन दिवस आम्ही वेड्यासारख्या खूश होतो. तिसऱ्या दिवशी मी गंमत म्हणून विचारलं, "मास्तर, तुम्ही गाढव आहात ना?" ते म्हणाले, "हो हो," आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माझी जीभ का झडली नाही तेव्हा, असं मला अजून वाटतं.

बोलणं शिकवायला एक बाई घरी यायच्या. त्यांनी आम्हाला समजावलं, "त्यांना सगळं कळतं. बोलण्याची वाट अडली आहे, आणि एवढा एकच शब्द सुटा राहिलाय, म्हणून तोच येतो. ते 'हो' म्हणाले म्हणजे त्यांना 'हो'च म्हणायचं असेल असं धरू नका." आता धरायचं काय मग? मानही 'हो' म्हटल्यासारखीच हलायची. चेहरा वाचावा तर तो आजारानं एका बाजूला ओढलेला. डाव्या हातात पेन्सिल दिली तर ती हळूच बाजूला ठेवून द्यायचे. गवारीची भाजी त्यांना जन्मात आवडली नाही. वहिनींनी चुकून विचारलं, "गवार वाढू?" हो हो. आणि त्या माणसानं ती सगळी खाल्ली. वहिनी मला म्हणाल्या, "अक्का, पस्तीस वर्षं संसार केला, आणि आता ह्यांना काय पाहिजे ते मला कळंना झालंय."

आता माझं सांगते, कारण ते लपवून ठेवलं तर लिहिण्यात अर्थच नाही. पावसाळ्यात मालकांनी मला विचारलं, दिवाळीच्या कार्यक्रमाचं काय करायचं? मी मास्तरांच्या घरी गेले. त्यांच्यासमोर बसून विचारलं, "मास्तर, यंदा मी एकटीनं करू का? चालेल ना तुम्हाला?" ते म्हणाले, "हो हो." आणि मी ते 'हो' पदरात बांधून घरी आले. मला चांगलं ठाऊक होतं की त्या शब्दाला काही किंमत नाही. तरी घेतलं, कारण मला तेच सोयीचं होतं. टीव्हीवर दिसायची चटक लागली होती मला, दुसरं काय!

मालकांनी पुढचं पाऊल टाकलं. तेही जाऊन विचारून आले. मोबाइलवर विनोदी व्हिडिओ करणारी आमच्या शहरातली एक तरुण बाई त्यांनी मास्तरांच्या जागी ठरवली होती. यंदा मास्तरांना पाहुणे म्हणून बोलवायचं, शेवटी शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार करायचा, आणि खुर्ची कायमची तिची. "मॅडम, मी मास्तरांना स्पष्ट विचारलं, तुम्हाला मोकळं करू ना? ते स्वतः हो म्हणाले." मी म्हणाले, "त्यांना फाशी देऊ का विचारलं असतंत तरी हो म्हणाले असते!" मालक माणूस वाईट नाही, पण त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही पण त्यांना विचारूनच मला कळवलं होतंत ना?" तोंडात मारल्यासारखं झालं. सत्काराचं तर मला पहिल्यापासूनच वावडं आहे. आमच्याकडे माणसाला घालवायचं असलं की शाल घालतात.

मी एवढंच म्हणाले, प्रश्न मी लिहिणार. त्याला ते कबूल झाले.

मग वहिनी आणि मी आमच्या आयुष्यातली पहिली स्क्रिप्ट लिहायला बसलो. युक्ती अशी की प्रत्येक प्रश्नाचं बरोबर उत्तर 'हो हो' हेच आलं पाहिजे. सगळ्या शहरासमोर मास्तर केविलवाणे दिसता कामा नयेत. आम्ही दुपारभर प्रश्न काढत होतो आणि पलीकडे पलंगावर बसलेल्या मास्तरांवर ते करून बघत होतो. वहिनींना काय एकेक सुचत होतं! कित्येक महिन्यांनी त्या घरात हसणं ऐकू येत होतं, आणि मास्तरही हसले. कागद पुरा झाला. मालकांनी तो बघायला नेला आणि तळाशी आपल्या हातानं शेवटचा प्रश्न घातला. मास्तर, आता आराम करणार ना? त्यावर 'हो हो', टाळ्या, शाल, समाप्त.

शूटिंगच्या दिवशी खालचे माग बंद होते. मास्तर एकेक पायरी चढत वर आले, एका बाजूला काठी, दुसऱ्या बाजूला वहिनी. समोर शे-दीडशे प्रेक्षक बसले होते, त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मालक पुढे झाले, "मास्तर, तुम्ही सोफ्यावर बसणार ना?" मास्तर म्हणाले, "हो हो," आणि सरळ चालत जाऊन आपल्या खुर्चीवर बसले. ती नवी बाई तिथे बसायला निघाली होती, ती पटकन बाजूला झाली आणि "सर, बसा ना," म्हणून स्वतः सोफ्यावर जाऊन बसली. पोरगी गुणाची, उगाच कशाला वाईट बोलू? पण माझ्या मनात तेव्हाच काहीतरी हललं. तोंड 'हो' म्हणत होतं आणि पाय भलतीकडेच गेले होते.

कार्यक्रम सुरू झाला. "मास्तर, इतकी वर्षं तुमच्या सगळ्या चुका मीच सांभाळल्या ना?" हो हो. लोक हसले. "दिसायला पण मीच बरी आहे ना?" हो हो, आणि वर एक सुस्कारा, तो त्यांच्या पदरचा! काय हसले लोक. "या चकल्या वहिनींनी केल्यात, जगात भारी आहेत ना?" मास्तरांनी पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनींकडे बघितलं आणि घाईघाईनं म्हणाले, "हो हो, हो हो!" स्टुडिओ डोक्यावर घेतला लोकांनी. त्यांची वेळ साधायची हातोटी जिथल्या तिथे होती. एकाच शब्दावर हा माणूस कार्यक्रम ओढत होता.

आणि कागदावरचा शेवटचा प्रश्न आला. मालक शाल घेऊन बाजूला तयार उभे. मी कागदाकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं. आता आराम करणार ना? चार शब्द. ते माझ्या तोंडून निघेनात. मी हा प्रश्न विचारणार, ते 'हो हो' म्हणणार, आणि मग जन्मभर सगळे म्हणणार, मास्तर स्वतःच हो म्हणाले. आणि त्या गडबडीत, इतक्या वर्षांच्या सवयीनं, माझा हात ताटलीकडे गेला आणि मी चकली मोडली.

कट्.

अगं बाई! मोडल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसले. बोलता न येणाऱ्या माणसाला मी सगळ्यांसमोर बोल म्हणून सांगितलं होतं. मास्तरांनी झटकन मान वर केली. आवाज त्यांनी ओळखला होता. त्यांचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. डावा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट आवळलेला. पहिल्या रांगेत वहिनी अर्ध्या उठल्या. कॅमेरे चालूच होते. नव्या बाईला वाटलं मी ओळ विसरले. ती माझ्या मदतीला धावली आणि माझ्या हातातल्या कागदावरून तिनं तो प्रश्न मोठ्यानं वाचला, "सर, आता आराम करणार ना?"

मास्तर तिच्याकडे वळले.

"ना," ते म्हणाले. थांबले. कपाळावरची शीर फुगली. "नाही."

मग मास्तरांनी मालकांच्या हातातल्या शालीकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात पुन्हा म्हणाले, "नाही!"

सगळे प्रेक्षक एकदम फुटले. त्यांना वाटलं, काय ठरवून केलंय बघा, सगळा वेळ हो हो आणि शेवटी नाही! शिट्ट्या काय, टाळ्या काय. मी मात्र वहिनींकडे बघत होते. त्यांनी दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते आणि त्या हमसून हमसून रडत होत्या. मग मालकही हसायला लागले, आणि ती शाल त्यांनी चकल्यांबद्दल म्हणून वहिनींच्याच अंगावर घातली. टीव्हीवर तुम्ही तेवढंच पाहिलंत. माझ्या छातीवर उन्हाळ्यापासून बसलेला दगड तेव्हा उतरला, ते कॅमेऱ्यात कुठून दिसणार!

सगळं आवरल्यावर आम्ही तिघं खाली, बंद मागांच्या शेडसमोर पायरीवर चहा घेत बसलो. वहिनींना धीर निघेना. "साखर घालू?" नाही. "बिस्कीट?" नाही. "रात्री गवार करू?" नाही, नाही, नाही! मास्तरांना स्वतःलाच मजा वाटत होती. हरवलेली किल्ली सापडलेला माणूस जसा उगाच कुलूप उघडून बघतो, तसे ते तो शब्द पुन्हा पुन्हा वापरून बघत होते.

मग मी मनाचा हिय्या केला. म्हणाले, "मास्तर, पावसाळ्यात मी तुम्हाला विचारलं होतं, एकटीनं करू का म्हणून. चाललं असतं तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "नाही," ते म्हणाले.

"चुकलं माझं," मी म्हणाले. तेवढं म्हणायला मला किती महिने लागले होते. मास्तरांनी डाव्या हातानं माझ्या हातावर थोपटलं. मी डोळे पुसले आणि विचारलं, "मग पुढच्या वर्षी? दोघं मिळून करायचं?"

"हो हो," मास्तर म्हणाले.

उन्हाळ्यापासून तोच शब्द मी ऐकत आले होते. पण आता त्यांना 'नाही' म्हणता येत होतं, आणि तरी ते 'हो' म्हणाले.